बॉटच्या कमांडना आधी चौकट हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अर्ध्या तासात चॅट बॉट (मेसेज वाचून आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम) कसा बनवायचा हे सांगणारा लेख वाचला. मी प्रोग्रॅमिंग शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांनी तो वाचून लगेच बॉट चालू केले, याचा आनंद आहे. पण लेख जिथे संपतो तिथूनच खरं काम सुरू होतं, आणि त्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

लेखातला कोड म्हणजे नुसती इफ-एल्सची उतरंड: मेसेज अमुक शब्दाने सुरू झाला तर हे करा, तमुकने झाला तर ते. दोन-तीन कमांडपर्यंत, म्हणजे बॉटला द्यायच्या हुकमांपर्यंत, हे खपून जातं. पुढे एका मुलीने 'रिमाइंड' आणि 'रिमाइंडर्स' अशा दोन कमांड ठेवल्या. दुसरी कधी चालेचना, कारण तिची सुरुवात पहिलीसारखीच आणि पहिली अट आधीच तिला गिळून टाकायची. दुसऱ्या एका बॉटमध्ये मेसेज पुसण्याची कमांड होती. ॲडमिनची तपासणी इतर सगळीकडे होती, नेमकी तिथे राहून गेली होती. ग्रुपमधला कोणीही उठून सगळं पुसू शकत होता. यात मुलांना बोल लावणार नाही. प्रत्येक फांदीत तीच तपासणी हाताने लिहायची म्हटल्यावर एखादी सुटणारच.

म्हणून माझा आग्रह असा की दुसरी कमांड लिहिण्याआधी फ्रेमवर्क, म्हणजे सगळ्या कमांड सांभाळणारी चौकट, लावा. प्रत्येक कमांडची नोंद एकाच ठिकाणी करायची: नाव, एका ओळीत खुलासा, कोणते पॅरामीटर (कमांडसोबत दिलेली माहिती), ते आकडा आहेत की मजकूर, कमांड कोणाला चालवता येईल, आणि शेवटी काम करणारं फंक्शन. मेसेज आला की डिस्पॅचर (मेसेज योग्य कमांडकडे पोचवणारा भाग) पूर्ण नाव जुळवतो, पॅरामीटर तपासतो, परवानगी बघतो आणि मगच फंक्शनला हाक मारतो. एरर झाली तर ती पकडण्याची जागाही एकच. मदतीची यादी याच नोंदींतून तयार होते, त्यामुळे ती कधी शिळी होत नाही. यातलं बरंचसं स्वतः लिहायचीही गरज नाही. डिस्कॉर्ड या चॅट ॲपसाठी 'डिस्कॉर्ड डॉट पाय' या पायथन लायब्ररीचा कमांड्स विभाग आहे, टेलिग्रामसाठी 'पायथन-टेलिग्राम-बॉट'मधला कमांड हँडलर आहे.

मराठीत कमांड ठेवायच्या असतील तर आणखी एक अडचण येते, आणि ती इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सापडत नाही. माझ्या वर्गात 'मदत' चालायची, 'माहिती' आणि 'यादी' चालत नसत. मुलं हैराण. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या) लायब्ररीत 'बॅकस्लॅश डब्ल्यू' हे चिन्ह अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच ओळखतं. काना, मात्रा, वेलांटी यांची गणना युनिकोड (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना संगणकासाठी कोड देणारी पद्धत) अक्षरांत करत नाही. त्यामुळे 'माहिती'तला 'म' उचलून शोध तिथेच थांबतो. 'मदत'मध्ये काना-मात्राच नाही, म्हणून ती सुखरूप. यावर उपाय साधा आहे: मेसेज पहिल्या मोकळ्या जागेपाशी तोडायचा आणि तो तुकडा जसाच्या तसा नोंदींत शोधायचा. 'ॲ' मात्र तरीही फसवतो. तो एकाच कोडने लिहिता येतो, किंवा 'अ'ला चंद्र जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बॉटला वेगळे वाटतात, आणि युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लेखनांना एक रूप देण्याची पद्धत) त्यांना एक करत नाही. तो बदल आपणच करून घ्यावा लागतो. आकड्यांचंही असंच: पायथन '१५'चे पंधरा नीट करतो, जावास्क्रिप्ट करत नाही. फ्रेमवर्क असलं की ही दुरुस्ती एका जागी बसते, नाहीतर प्रत्येक कमांडमध्ये शिंपडत बसा.

प्लॅटफॉर्मचे नियमही आधीच माहीत हवेत. टेलिग्रामवर कमांडच्या नावात फक्त लहान रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर चालतात. मराठी लिहायची ती खुलाशात. डिस्कॉर्डच्या स्लॅश कमांडला ('/' लिहून द्यायच्या कमांडला) देवनागरी नाव काना-मात्रांसकट देता येतं, मर्यादा ३२ अक्षरांची. पण तिथे तीन सेकंदांत पहिलं उत्तर द्यावं लागतं. काम लांबणार असेल तर 'थांबा, करतोय' एवढं आधी कळवायचं, मग पुढे पंधरा मिनिटं मिळतात. शिवाय बॉट बऱ्याच ग्रुपमध्ये पोचला की डिस्कॉर्ड त्याची पडताळणी मागतं, आणि २०२२ पासून अशी पडताळणी झालेल्या बॉटना मेसेजचा मजकूर वाचायला डिस्कॉर्डची वेगळी मंजुरी लागते. म्हणजे लेखातली मेसेज वाचून अटी लावण्याची पद्धत तिथे बॉट मोठा झाला की मंजुरीशिवाय अडूनच बसणार.

लेखाचा दुसरा भाग जरूर काढा. तोच कोड घेऊन त्याच्या नोंदी कशा करायच्या आणि परवानगीची तपासणी फंक्शनबाहेर कशी ठेवायची, हे त्यात दाखवा. आणि पहिल्या भागात टोकन (बॉट चालवण्याची गुप्त किल्ली) थेट कोडमध्ये लिहिलेलं आहे, तेवढं आधी दुरुस्त करा. मुलं कोड जसाच्या तसा सार्वजनिक ठिकाणी चढवतात, आणि ज्याच्या हाती टोकन त्याच्या हाती बॉट. टोकन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये, ठेवा, आणि ज्यांनी कोड आधीच चढवला असेल त्यांना जुनं टोकन रद्द करून नवीन घ्यायला सांगा.

आपली,
एक प्रोग्रॅमिंग शिक्षिका