मामा, तुम्ही विचारलंत म्हणून

मामा, हे घरी येऊन पण सांगता आलं असतं, पण आपल्या फायर ब्रिगेडच्या लायनीतल्या पोरांनी वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

१४ एप्रिलला आपण १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांना मानवंदना देतो ना, यंदा त्या रांगेत उभं असताना माझ्या मनात काहीच येत नव्हतं, फक्त हे कधी सुटतंय एवढंच. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथंच डोळे भरले होते माझे. रिटायर होऊन पण तुम्ही दरवर्षी येता. कार्यक्रम झाल्यावर सगळे फोटोला गेले आणि तुम्ही शेजारी येऊन बसलात, म्हणालात, "काय बे, झोप लागंना का?"

एवढंच. पण तोवर कुणी विचारलंच नव्हतं हो.

मग मी बोलतच सुटलो. एमआयडीसीतली ती टॉवेलच्या कारखान्याची वर्दी, म्हणजे आगीचा कॉल, ज्वाळा खाली आल्या तरी सुताच्या गाठी आतून धुमसतच राहतात, एकेक ओढून फोडून पाणी मारायचं, कूलिंगलाच अख्खी रात्र, आणि सकाळी रिलीव्हर नाही म्हणून परत डबल ड्युटी. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचो, पोरीवर उगाच ओरडायचो, बेल वाजली की पोटात गोळा. मला वाटायचं मीच कामचुकार झालोय.

तुम्ही लेक्चर दिलं नाही. वाड्याच्या त्या आगीनंतर तुम्ही स्वतः वर्षभर अंगणात झोपत होता, दार लावलं की धुराचा वास यायचा, हे सांगितलंत. इतकी वर्षं मामींना पण बोलला नव्हता. सांगताना तुमच्या हातातली कपबशी वाजत होती, मी बघितलं मामा.

दुसऱ्या दिवशी आठलाच तुम्ही दारात. ओपीडीच्या लाईनीत तुम्ही उभे, मी बाकावर. डॉक्टर मॅडम म्हणाल्या याला बर्नआउट म्हणतात, डब्ल्यूएचओनं पण २०१९ ला हे कामाच्या ताणातून होतं असं मांडलंय, माणूस पार थकतो, कामावरनं मन उडतं, आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटायला लागतं. तिन्ही माझंच चाललं होतं. टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर तुम्ही लॉकरच्या दाराला आतून चिकटवायला लावलात, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री-अपरात्री पण उचलतात. मी दोनदा लावलाय.

मागच्या आठवड्यात परत सुताच्या गोडाऊनची वर्दी होती. ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाचं पाणी मारायचं तोंड, धरली, हात थरथरले नाहीत. आल्यावर होज धुऊन वाळत घातले, घरी जाऊन जो झोपलो ते पोरीनंच उठवलं.

रविवारी घरी या मामा, मामींना पण आणा. ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करणारेय. आणि वाड्याचं अजून काही सांगायचं राहिलं असेल तर मी बसतो ऐकायला, कितीही वेळ.