मोठ्या सिस्टर, केसपेपरवरच्या त्या एका ओळीसाठी

आदरणीय मोठ्या सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

संगीतोपचाराचे शिक्षण घेऊन जळगावला परतले, तेव्हा ज्या ज्या दवाखान्यांत मी अर्ज घेऊन गेले तिथे मला बहुधा एकच उत्तर मिळाले, की गणपतीत कार्यक्रम ठेवू तेव्हा जरूर या. एका ठिकाणी तर माझे नाव 'करमणूक' या सदरात, जादूगाराच्या खाली लिहिलेले मी स्वतः पाहिले. (जादूगाराला मानधन होते, मला नव्हते.)

तुमच्या वॉर्डात अमळनेरकडचे ते आजोबा होते. उजवी बाजू लुळी पडलेली, समोरच्याचे बोलणे कळत असे, पण तोंडून शब्द फुटत नसे. सखाराम महाराजांच्या वैशाखी यात्रेत आयुष्यभर टाळ धरलेल्या या माणसाने 'जय जय रामकृष्ण हरी'चा गजर मात्र माझ्यामागून अख्खा म्हटला, आणि आजी पदराआड रडू लागल्या. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन वाचा गेली तरी गाणे पुष्कळदा शाबूत राहते. याच आधारावर बॉस्टनमधील तज्ज्ञांनी १९७३ साली सुरांतून बोलणे परत आणण्याची पद्धत मांडली. तिच्याच वाटेने, त्यांच्या डाव्या हातावर अक्षरागणिक ठेका देत, गजराच्याच चालीत मी 'माले पानी दे' बसवायला घेतले.

हे सारे तुम्ही दारात उभ्या राहून पाहिले. काही बोलला नाहीत. खिशातले पेन काढून केसपेपरवर, औषधे आणि फिजिओथेरपी यांच्याखाली, 'संगीतोपचार, दुपारी ४' असे लिहिलेत आणि चारच्या ठोक्याला वॉर्डातला टीव्ही बंद करायला सांगितलेत. कोणाची परवानगी घेतलीत, कोणाचे ऐकून घेतलेत, ते मला आजतागायत ठाऊक नाही. पदव्या मी मिळवल्या होत्या, परंतु माझे काम उपचारांच्या रांगेत बसवले ते तुम्ही. अधिकार असूनही तो दुसऱ्याला वर घेण्यासाठी वापरणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

नवव्या दिवशी आजोबांनी आजींकडे पाणी मागितले, अर्धे गात, अर्धे बोलत.

घाईत लिहिताना तुमच्याकडून 'संगीत'वरचा अनुस्वार राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टर तो द्यायला निघाले होते. मी देऊ दिला नाही.

आपली कृतज्ञ,
चार वाजताची गाणारी