यादीतला पहिला आणि मागच्या मैदानावरचे बाकीचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची मिरजेची. गेली एकतीस वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावी राहते. सकाळच्या चहाबरोबर तुमचा ई-पेपर वाचल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. मागच्या आठवड्यात क्रीडा पानाच्या तळाशी एक चौकट होती : पिट्सबर्ग पायरट्स संघाचा कॉनर ग्रिफिन, वय १९, करारावर सही करतानाच ६५ लाख डॉलर, बेसबॉलमधला नंबर एकचा होतकरू खेळाडू. बातमीत चूक काही नव्हती. पण ते कात्रण माझ्या भाच्याने त्याच्या चौदा वर्षांच्या मुलाला पाठवलं आणि खाली लिहिलं, "बघ, तुझ्याहून पाचच वर्षांनी मोठा आहे." हा मुलगा पुण्यात रोज पहाटे साडेपाचला नेट्सवर जातो, डावखुरी फिरकी टाकतो. ते वाचल्यापासून मला चैन पडेना, म्हणून हे पत्र.

ग्रिफिनचं कौतुक मलाही आहे, भरपूर आहे. मिसिसिपीतल्या शाळेतून २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, नवव्या क्रमांकावर त्याला घेतलं. २०२५ हे त्याचं व्यावसायिक खेळातलं पहिलंच वर्ष, आणि त्या एका वर्षात तो ब्रेडेंटन, ग्रीन्सबोरो, अल्टूना अशा पायरट्सच्या खालच्या संघांच्या तीन पायऱ्या चढला. १२२ सामने, सरासरी ०.३३३, २१ होम रन (आपल्या षटकारासारखे), ६५ वेळा बेस चोरला, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच धावत पुढचा बेस गाठला. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांना सांगते, इथे दहातून तीनदा हिट मारणारा, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठणारा, उत्तम फलंदाज समजतात.

अल्टूना आमच्याहून तासाभराच्या आत. तिथल्या मैदानात उजव्या बाजूच्या भिंतीमागे जत्रेतल्यासारखा लाकडी रोलर कोस्टर दिसतो. ऑगस्टअखेर मी आणि माझे यजमान सामन्याच्या दीड तास आधी जाऊन बसलो, ते त्याचा सराव बघायला. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, उभं राहून तो जमिनीलगतचे चेंडू घेत होता. सहा फूट चार इंच उंचीचा मुलगा, पण हात पुढे येण्याआधी पाय जागेवर आलेले असायचे. हे शिकवून येतं, पण इतक्या लवकर क्वचित येतं. मी पंचवीस वर्षं हा खेळ बघते आहे. यजमानांना मी तिथेच म्हटलं, हा पोचणार.

आता २०२६ च्या फेब्रुवारीच्या मध्यात स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे हंगामापूर्वीचं सराव शिबिर, सुरू होईल. तीसपैकी निम्मे संघ फ्लोरिडात जमतात, निम्मे ॲरिझोनात. त्याआधीचे हे दोन महिने म्हणजे चाहत्यांच्या वादाचा हंगाम. दर शनिवारी ॲथर्टन स्ट्रीटवरच्या एका खानावळीत आमचा सात-आठ जणांचा कट्टा बसतो. एक निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांचं म्हणणं, ग्रिफिनला पहिल्या दिवसापासून पिट्सबर्गलाच खेळवा. दिग्गज केन ग्रिफी ज्युनियर १९८९ मध्ये १९ व्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच सामन्यात उतरला होता. गणिताच्या एक शिक्षिका आहेत. त्या म्हणतात, अल्टूनाला त्याचे अवघे २१ सामने झालेत, जूनपर्यंत इंडियानापोलिसला, पिट्सबर्गच्या लगेच खालच्या पायरीवर, ठेवा. माइक ट्राउटसुद्धा २०११ मध्ये १९ व्या वर्षी वर आला तेव्हा ४० सामन्यांत ०.२२० वर अडकला होता. यावर पोस्टमन म्हणतात, मग पुढच्या वर्षी काय झालं तेही सांगा! पुढच्या वर्षी ट्राउट सर्वोत्तम नवोदित ठरला. कॉफीचे तीन-तीन कप होतात. पायरट्स २०१५ नंतर बाद फेरीत नाहीत, १९७९ नंतर वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद नाही. इतकी वर्षं उपाशी राहिलेला चाहता एका मुलाच्या खांद्यावर किती ओझं टाकतो, ते मी दर शनिवारी पाहते.

माझं मत मी तिथे मांडते ते इथेही मांडते. त्याची तयारी बघा, कॅलेंडर बघू नका. इथे खेळाडूच्या नोकरीचं वर्ष १७२ दिवसांचं धरतात आणि अशी सहा वर्षं भरली की तो हव्या त्या संघाकडे जायला मोकळा होतो. म्हणून तयार मुलालाही दोन-तीन आठवडे खाली बसवलं की संघाला तो एक वर्ष जास्त मिळतो. २०१५ मध्ये शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये ९ होम रन मारले, तरी त्याला १७ एप्रिलला वर आणलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी. त्याने तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. आता अशा होतकरू मुलाला सुरुवातीपासून खेळवलं आणि तो वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला तर संघाला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड देतात. नियम बरा आहे. पण एकोणीस वर्षांच्या मुलाचे दिवस मोजणारी माणसं अजून आहेतच.

मात्र चाहते म्हणून आम्हीही कमी मोजत नाही. इथे खेळाडूची पारख २० ते ८० अशा गुणांत करतात. हिटला किती, ताकदीला किती, धावण्याला किती, फेकीच्या ताकदीला किती. कट्ट्यावर कुणी सहज म्हणून जातं, "तो पंचेचाळीसवाला सोडा हो." मी पूर्वी मान डोलवायचे. आता मला ते ऐकवत नाही. का ते सांगते.

२००७ ते २०१२ आमच्या गावचा संघ पायरट्सचा होता, जून ते सप्टेंबर चालणाऱ्या छोट्या लीगमधला. मुलांना महिन्याला जेमतेम हजार-अकराशे डॉलर मिळायचे, तेही हंगामापुरतेच. त्यात घरभाडं कुठून देणार? म्हणून गावातली कुटुंबं त्यांना घरी ठेवून घ्यायची. २०११ च्या उन्हाळ्यात डॉमिनिकन रिपब्लिकचा एक वीस वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आमच्याकडे राहिला. सोळाव्या वर्षी करार झालेला, सही करून मिळालेल्या पैशांतून आईला घर बांधून दिलेलं. पहिल्याच दिवशी त्याने मला "मामी" म्हटलं. मी चमकलेच, मामीचं नातं याला कसं कळलं! मग समजलं, त्यांच्याकडे मामी म्हणजे आई. मी तेच राहू दिलं.

सामन्याहून रात्री अकराला यायचा. आमच्या फ्रीझरमध्ये ओल्या नारळाच्या चवाची पाकिटं असतात, ती फडक्यात गुंडाळून खांद्यावर बांधायचा आणि थालीपीठ खाता खाता दुसऱ्या दिवशीच्या फलंदाजांची टिपणं काढायचा. नवा ग्लव्ह आला तेव्हा त्याला आकार यावा म्हणून त्यात चेंडू ठेवून, दोरीने आवळून गादीखाली घालून झोपला. सकाळी तो ग्लव्ह उघडून मला दाखवताना त्याचा चेहरा कसा झाला होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे. कुठल्याही यादीत त्याचं नाव कधी आलं नाही.

दुसऱ्या वर्षी तो वर सरकला, वेस्ट व्हर्जिनियाला. मार्च २०१३ च्या शेवटच्या आठवड्यात फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनहून, पायरट्सच्या सराव शिबिरातून, त्याचा फोन आला. सकाळी नाश्त्याच्या आधी त्याला बोलावून घेतलं होतं. संघातून काढल्याचं पाच मिनिटांचं बोलणं आणि हातात विमानाचं तिकीट. फोनवर रडला नाही. फक्त विचारलं, "मामी, तुमच्याकडे माझे निळे बूट राहिलेत का?" राहिले होते. मी ते पोस्टाने पाठवले.

तो आमच्याकडे राहिला त्याच २०११ च्या उन्हाळ्यात आमच्या संघात काही दिवस रिंकू सिंग होता, क्रिकेटमधला नव्हे, बेसबॉलमधला. आपल्या वाचकांना हे नाव आठवत असेल. भालाफेक करणारी उत्तर प्रदेशची दोन मुलं, रिंकू आणि दिनेश पटेल, २००८ मध्ये भारतातली वेगवान चेंडूफेकीची स्पर्धा गाजवून पायरट्सकडे आली. त्याआधी दोघांनी बेसबॉल खेळलाही नव्हता. दिनेश २०१० अखेर बाहेर पडला. रिंकू दुखापतींशी झगडत टिकून राहिला, पण सर्वांत वरच्या पायरीवर दोघांपैकी कुणीच पोचलं नाही आणि रिंकू पुढे कुस्तीच्या मनोरंजनाकडे वळला. आम्हा भारतीयांचा घोळका त्याला बघायला जायचा. तो बाद झाला, अपयशी ठरला, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. बेसबॉल हातात न धरलेला मुलगा तीन वर्षांत आमच्या मैदानावर पिचिंग करत होता!

आणि याद्या तरी कितीदा खऱ्या ठरतात? ब्रायन टेलर १९९१ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, तेव्हाच्या हिशेबाने डोळे विस्फारणारे साडेपंधरा लाख डॉलर घेऊन. खांद्याला दुखापत झाली आणि तो मोठ्या लीगमध्ये एक चेंडूही टाकू शकला नाही. माइक पियाझाला १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर घेतलं. तो २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. आता ड्राफ्टच वीस फेऱ्यांचा आहे. आजच्या पियाझाला तिथे जागाच नाही. २०२१ मध्ये चाळीसेक गावांचे संघ मोठ्या संघांच्या साखळीतून गेले. त्यात आमचंही गाव होतं. तेव्हापासून आमच्या मैदानावर ड्राफ्टची वाट पाहणारी मुलं खेळतात.

काही गोष्टी सुधारल्याही. २०२२ पासून मुलांच्या राहण्याची सोय संघाला करावी लागते. २०२३ मध्ये त्यांच्या संघटनेचा पहिला करार झाला. अल्टूनाच्या पायरीवरचा वर्षाचा किमान पगार १३,८०० डॉलरवरून ३०,२५० झाला. आमची वरची खोली आता रिकामी असते. मुलांचं भलं झालं याचा आनंद आहे, तरी जूनमध्ये त्या खोलीत चादर बदलताना चुकल्यासारखं होतंच.

तेव्हा संपादक महोदय, एक विनंती. ग्रिफिनची बातमी जरूर द्या, तो पिट्सबर्गला उतरेल त्या दिवशी मोठी द्या. पण एका संघाच्या २६ जणांच्या खाली दीडशेच्या वर मुलं पायऱ्यांवर उभी असतात. त्यांच्याबद्दलही कधी चार ओळी छापा. ती पायरी किती वर्षांची, पगार किती, सोडल्यावर शिक्षणाचं काय होतं, हे तुमच्या वाचकांतल्या आई-बापांना कळू द्या. भाच्यालाही मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, मी सहजच पाठवलं होतं." सहजच पाठवलं असेल. चौदा वर्षांच्या मुलाने ते सहज वाचलं नाही.

मार्चमध्ये आम्ही दोघं ब्रेडेंटनला जातो आहोत. दुपारचं तिकीट ग्रिफिनसाठी काढलं आहे. सकाळी मात्र मागच्या मैदानांवर, तारेच्या कुंपणाशी उभं राहायचं. तिथल्या मुलांच्या पाठीवर नुसते नंबर असतात, नावं नसतात. म्हणून नावांची यादी छापून घेऊन जाणार आहे.

आमचा डावखुरा आता त्याच्या गावी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो. गेल्या रविवारी मी त्याची आणि पुण्याच्या नातवाची व्हिडिओवर गाठ घालून दिली. एकाला स्पॅनिश येत नाही, दुसऱ्याला मराठी नाही, इंग्रजी दोघांचंही मोडकं. त्याने बेसबॉल कॅमेऱ्यासमोर धरून शिवणीवर दोन बोटं कशी बसतात ते दाखवलं. याने आपला लाल चेंडू धरून दाखवला. चाळीस मिनिटं तेच चाललं होतं. शेवटी पुण्याहून हाक आली, "आत्याआजी, यांना विचार ना, ओल्या चेंडूला पकड कशी ठेवतात?"

आपली नियमित वाचक,
स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया