अण्णा, तो करंडा तुम्ही माझ्या हातात दिलात

तीर्थस्वरूप अण्णा यांस,
साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे असं, चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय.

हे गेले तेव्हा सुतकात देवांची पूजा कोण करणार, हा प्रश्न तुम्ही पडूच दिला नाहीत. पौषातल्या थंडीत पहाटे आंघोळ करून शेजारून यायचात. मी आतल्या खोलीत पडलेली असायचे आणि सहाणेवर खोड फिरल्याचा आवाज कानावर यायचा. इतकी वर्षं तो आवाज यांचा होता. ऐकवत नव्हता, आणि थांबला की जीव घाबरायचा.

देवावर माझा राग होता. हे आजारी असताना मी आपल्या इंदूरच्या खजराण्याला जाऊन गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून आले होते. इच्छा पुरी झाली की जाऊन सुलटं काढायचं, ही तिथली रीत. माझं उलटंच राहिलं.

त्यात समाचाराला येणारे. कुणी म्हणालं कुलाचारात काही राहिलं असेल. कुणी नारायण नागबळीचा खर्च सांगितला. दवाखान्यात एकदाही न फिरकलेल्या एकांनी जेजुरीला शेवटचं कधी गेला होतात, हे खोदून विचारलं. देवानं माझं ऐकलं नाही हे मी कसंबसं सोसलं असतं, पण हे लोक त्याच्या नावानं जे बोलत होते त्यानं माझं मन त्याच्यावरून उडत चाललं होतं. तेराव्याला तर नात्यातल्या एका बाईंनी देवघरातला कुंकवाचा करंडा उचलून कपाटावर ठेवला. "आता तुझं काय काम त्याच्याशी," म्हणाल्या. मी गप्प बसले. बोलायचं त्राणच नव्हतं.

सुतक फिटलं, म्हणजे तुमचं कामही संपलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. करंडा जागेवर दिसला नाही. कुणी हलवला, का हलवला, एका शब्दानं विचारलं नाहीत. स्टुलावर चढून तो खाली काढलात, पुसलात, मला हाक मारलीत आणि माझ्या हातात दिलात. "सूनबाई, देवीला कुंकू तू वाहा." एवढंच. मग माझ्याकडे पाठ करून फुलवाती तुपात भिजवत बसलात, मला रडता यावं म्हणून. अण्णा, त्या पाठ फिरवण्याचे उपकार कसे फेडू?

आपण अहिल्याबाईंच्या गावात राहतो. 1754 साली कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे यजमान खंडेराव पडले तेव्हा अहिल्याबाईंची तिशीही उलटली नव्हती. 1766 साली सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी पोटचा मालेराव. त्यानंतर महेश्वरी बसून त्यांनी राज्य केलं ते रोज शिवपूजा करून, आणि हुकमावर नाव घातलं श्रीशंकराचं. काशी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं राहिलं ते त्यांच्यामुळे, आणि खजराण्याचं देऊळही त्यांचंच. कपाळ पांढरं झालेल्या बाईनं बांधलेल्या देवळात नवस बोलायचा आणि घरी येऊन दुसरीला सांगायचं, तुझा हात देवीला चालत नाही! याचा मला अजून संताप येतो.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, ज्यानं ऐकलं नाही त्याच्यापुढे रोज का बसायचं? पोथीतलं काही काढलं नाहीत. म्हणालात, "भांड त्याच्याशी. अबोला मात्र धरू नकोस." म्हणून भांडते. गंध उगाळता उगाळता मोठ्यानं भांडते. यांना का नेलंस याचं उत्तर मिळालेलं नाही. पण ज्याच्याशी भांडायचं तो समोर आहे, हे आता मला कुणी सांगावं लागत नाही.

धर्म सांगणारे घरात पुष्कळ येऊन गेले. शेजारच्या घरचे देव पारोसे राहू नयेत म्हणून गारठ्यात उठणारे तुम्ही एकटे. काकूंनाही नमस्कार. तुमच्याआधी उठून आंघोळीचं पाणी त्याच तापवत होत्या, हे मला ठाऊक आहे.

वर्षश्राद्ध झालं. यंदा घट बसवणार आहे. अष्टमीला कुंकुमार्चन मी करीन, मंत्र तुम्ही सांगा. काकूंना घेऊन जेवायलाच या, पुरण घालतेय.

आपली,
रामबागेतली सूनबाई