पुनर्विकासाआधी कॅसेटी लॅपटॉपवर घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या नौपाड्यात एकेक जुनी इमारत पुनर्विकासाला जाते आहे. घर रिकामं करताना माळ्यावरचं कॅसेटींचं खोकं हमखास भंगारात निघतं. ‘सगळी गाणी मोबाइलवर मिळतात की!’ असं घरचे म्हणतात. विकतच्या कॅसेटींपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण घरगुती बैठका, गणेशोत्सवातलं गाणं, गुरूंनी दिलेली तालीम यांची बहुतेकदा जगात ती एकच प्रत असते.

मी शास्त्रीय गाणं शिकवते. माझ्या गुरुजींची तालीम नव्वद मिनिटांच्या कॅसेटींवर आहे, ती सध्या लॅपटॉपवर घेते आहे. मध्येच गुरुजी म्हणतात, ‘अगं, गंधारावर थांब जरा.’ ते कुठल्या ॲपवर मिळणार?

काम अवघड नाही, वेळ मात्र लागतो, कारण नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच वाजते. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपना हेडफोन आणि माइकसाठी मिळून एकच भोक असतं आणि त्यातला माइक स्टीरिओ घेत नाही. म्हणून डेक (कॅसेट वाजवायचं यंत्र) जोडायला लाइन-इन, म्हणजे बाहेरचा स्टीरिओ आवाज आत घेणारं भोक, असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं. ‘ऑडॅसिटी’ हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

गाणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. जुन्या डेकची गती अनेकदा बदललेली असते. ती सहा टक्क्यांनी वाढली, तर पेटीवरच्या काळी एकचा षड्ज (सा) थेट शेजारच्या पांढरी दोनला जातो आणि लयही चढते. ज्यांनी ती मैफल ऐकली नाही त्यांना हे कळणारही नाही. पेटी जवळ घेऊन सूर पडताळावा आणि ऑडॅसिटीत गती बदलावी. सूर आणि लय दोन्ही जागेवर येतात. टेपची खरखर काढायचा मोह मात्र आवरावा. खरखरीबरोबर तानपुऱ्याची आसही (रेंगाळणारा नाद) पुसली जाते आणि मग गाणं उघडंबोडकं वाटतं.

मूळ प्रत एमपी३ मध्ये ठेवू नये, त्यात गाळलेला आवाज परत मिळत नाही. सीडीच्या दर्जाचं तासभराचं ध्वनिमुद्रण साधारण ६०० एमबी होतं. फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये ते काहीही न गमावता निम्म्याच्या आसपास येतं. फाइलला राग, गायक, साथीदार, साल अशी नावं देवनागरीत द्यावीत. कॅसेटच्या कागदावरचं अक्षर कुणाचं, हे सांगणारी माणसं आज आहेत, त्यांना आजच विचारावं. लॅपटॉपही कधीतरी बंद पडतो, तेव्हा दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि शक्यतो दुसऱ्या घरी असावी. माझी ऐरोलीला बहिणीकडे आहे.

पण ज्यांच्याकडे डेकच उरला नाही, त्यांनी काय करावं? गायक पं. राम मराठे यांचं हे शहर. त्यांच्या नावाने महापालिका संगीत समारोह भरवते. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालयही इथेच आहे. या दोन्ही संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे : नागरिकांना कॅसेटी आणून स्वतः उतरवून घेता येतील अशी एक खोली द्या. नीट दुरुस्त केलेला डेक, लॅपटॉप आणि शिकवायला एक माणूस एवढंच लागेल. ज्या कुटुंबांची आणि कलाकारांची परवानगी असेल, त्यांची प्रत संग्रहात ठेवता येईल. शिकवण्यासाठी आठवड्यातली एक दुपार द्यायला मी तयार आहे.

– एक संगीत शिक्षिका, नौपाडा, ठाणे