नातवाचं नाव

प्रिय मित्रा,

सप्रेम शालोम.

परवा आठव्या दिवशी बाळाची सुंता झाली आणि सगळ्यांसमोर नाव पुकारलं गेलं, यित्सहाक. आपल्याकडे ज्याला इसहाक म्हणतात तेच. फोनवर तू अर्थ विचारलास आणि पाहुण्यांच्या गडबडीत मी "हसणारा" म्हणून मोकळा झालो. ते तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र.

'हसणारा' नाही रे, ते क्रियापद आहे. हिब्रूत कितीतरी नावं अशीच. योसेफ म्हणजे 'तो आणखी देवो', इश्माएल म्हणजे 'देव ऐकतो'. यित्सहाक म्हणजे 'तो हसतो' किंवा 'तो हसेल', एकाच शब्दात दोन्ही. पण तो कोण, हे नावात सांगितलेलंच नाही.

तोरात, म्हणजे आमच्या यहुद्यांच्या धर्मग्रंथात, पहिल्यांदा हसतो अब्राहाम. शंभरी गाठलेल्या माणसाला मूल कसं होणार, असं मनात म्हणत तो पालथा पडून हसतो. देव मुलाचं नाव तिथेच, जन्माआधीच ठरवून टाकतो. मग एका दुपारी, उन्हाच्या वेळी, तीन पाहुणे येतात. अब्राहामाची बायको सारा तंबूच्या दारामागून त्यांचं बोलणं ऐकते आणि तीही मनातच हसते. नव्वदीची बाई ती. देव विचारतो, सारा का हसली? ती घाबरून म्हणते, "मी नाही हसले." त्यावर उत्तर येतं, "नाही, हसलीस." बस्स, एवढंच. ना राग, ना शिक्षा. तिने नाकारलेलं ते हसू पुढे तिच्या मुलाचं नाव होऊन तिच्या मांडीवर येतं.

आमच्या सुनेचं तुला ठाऊक आहे. अकरा वर्षं झाली लग्नाला. रिपोर्ट हातात घेऊन ती आधी हसलीच. म्हणाली, "अदलाबदल झाली असेल, बाबा." दुसऱ्यांदा तपासून घेतलं तेव्हा कुठे खुर्चीत बसली. नाव तिनेच निवडलं. मी एक शब्द बोललो नाही.

आता खरी गंमत. मूल झाल्यावर सारा म्हणते, "कोल हाशोमेआ यित्सहाक ली." जो जो ऐकेल तो... आणि पुढचा शब्द म्हणजे मुलाचं नावच, अक्षर न् अक्षर तेच. 'ली' म्हणजे 'मला'. मराठीत शब्दाला शब्द ठेवला तर होतं, "ऐकेल तो मला हसेल." लोक माझ्या आनंदात हसतील की मला हसतील? हिब्रूतही दोन्ही अर्थ निघतात आणि भाष्यकार त्यावर वाद घालत आलेत. मला तरी वाटतं, तिला दोन्ही म्हणायचं होतं. इतकी वर्षं टोमणे ऐकलेली बाई आनंदातही लोकांना विसरत नाही.

अभ्यासक आणखी मागे जातात. मूळ नाव 'यित्सहाक-एल', म्हणजे 'देव हसो, प्रसन्न होवो' असं असावं, असं त्यातले काही मानतात. सीरियात रास शमरा इथे 1929 पासून उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतल्या काव्यात एल हा देव हसतो, आणि तिथलं क्रियापद याच धातूचं आहे. अर्थ सुंदर आहे, पण मी साराच्या हसण्यापाशीच थांबतो.

अब्रामाचा अब्राहाम झाला, त्याच्या नातवाचा, याकोबाचा, इस्राएल. आजा, बाप, नातू अशा तिघांत मधल्या इसहाकाचंच नाव तेवढं बदललं नाही. आणि आयुष्य बघ त्याचं. बाप बळी द्यायला घेऊन निघालेला, स्वतःच्या होमाची लाकडं पाठीवर घेऊन मोरियाचा डोंगर चढलेला पोरगा तो. पुढे याकोब देवाला 'इसहाकाचं भय' म्हणतो, ते वाचताना दरवेळी पोटात कालवतं. इसहाक स्वतः एकदाच 'हसतो'. गरारमध्ये राजा अबीमलेख खिडकीतून बघतो, तर इसहाक बायकोशी, रिबकेशी, लाडात आलेला. तिथे शब्द आहे 'मेत्साहेक', धातू तोच. भाषांतरात तो झाकला जातो. पण त्याला त्याचं नाव एकदा तरी वापरायला मिळालं, याचं मला फार बरं वाटतं.

एक काम कर. अलिबागजवळ खंडाळ्याला, जिथे एलियाहू हनाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाचा, रथ टेकला असं आम्ही मानतो, तिथल्या खडकापाशी तू आमच्यासाठी नवस बोलला होतास. दिवाळीपर्यंत आम्ही येतोच, पोराला घेऊन. नवस फेडताना आम्ही करतो त्या मलिद्याचे पोहे तेव्हा सून स्वतः भिजवणार आहे. तोवर तू एकदा तिथे जाऊन ये आणि सांग, मुलगा झाला म्हणून. नावही सांग.

तुझाच