बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात वडोदऱ्याची हवा इतकी दमट होते की कपाटांना कुबट वास येऊ लागतो आणि थोरल्या भावंडाची झबली, टोपडी, दुपटी जपून ठेवणाऱ्या आपल्या मराठी घरांतही त्यांत सर्रास डांबराच्या गोळ्या टाकल्या जातात. ही सवय मोडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. या गोळ्यांतील नॅप्थलीनची वाफ कापडात मुरते आणि ज्या अर्भकांत जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी या वाफेमुळे फुटून कावीळ मेंदूला इजा होण्याइतकी वाढू शकते. ही कमतरता तपासणीवाचून कळत नाही.

त्याऐवजी दुधाचे डाग पूर्ण काढून, खळ न घालता, कपडे कडक उन्हात खडखडीत वाळवावेत आणि जुन्या सुती साडीच्या गाठोड्यात बांधावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते आणि झबल्याच्या बंदांपाशी बुरशीचे काळे ठिपके पडतात. गाठोड्यावर महिन्यांचे माप लिहिले की उचकाउचकी टळते. गोळ्यांत ठेवलेले कपडे मात्र तान्ह्या बाळाला घालूच नयेत.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा